सरळ दातांसाठी तज्ज्ञाची निवड

पूर्वी मुलांचे दात वेडेवाकडे आले, तर ते कोणाला दाखवावयाचे हे वडीलधारी मंडळी ठरवीत. नेहमीचा दंतवैद्य ज्याचे नाव सुचवी त्याच्याकडे मुलाला नेले जाई. मुलाने फक्त तोंड उघडावयाचे. आज चौदा-पंधरा वर्षांची मुलगी स्वतःच शोध घेऊन येते. उपचारापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे तिने फोनवर पाहिलेली असतात, समवयस्कांचे अनुभव ऐकलेले असतात आणि तारा नकोत, पारदर्शक साचेच हवेत, असा निर्णयही बहुधा झालेला असतो. या बदलाबद्दल खेद करण्याचे कारण नाही. उपचार दीड-दोन वर्षे चालतो. तो जिला सोसावयाचा आहे तिचे मत विचारात घेतलेच पाहिजे. अडचण वेगळीच आहे. पडद्यावर उपचाराचे फळ दिसते, उपचार दिसत नाही.

दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. दातावर मंद पण टिकून राहणारा दाब दिला, की दाबाच्या बाजूचे हाड विशिष्ट पेशी विरघळवितात आणि विरुद्ध बाजूला नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात महिन्याकाठी साधारणतः एक मिलिमीटर सरकतो. अधिक जोर लावल्याने काम लवकर होत नाही. उलट मूळ झिजण्याचा धोका वाढतो. तार असो की साचा, हाडाचा नियम एकच.

अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वेड्यावाकड्या दातांचे जे वर्गीकरण मांडले, ते पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावर आधारलेले होते. दाढा हसताना दिसत नाहीत, हे येथे लक्षात घ्यावे. समोरचे दात ओळीत आले तरी जबडे नीट मिटतीलच असे नाही. म्हणून क्ष-किरण छायाचित्रे व दातांची मापे न घेता कोणी पहिल्याच भेटीत उपचाराचा कालावधी आणि शुल्क सांगू लागला, तर तेथून उठावे, हे बरे.

वैद्यच नको असे मानल्यास काय होते, याचीही उदाहरणे आहेत. पटाशीच्या दोन दातांमधील फट बुजविण्यासाठी त्यांवर रबराचे कडे चढविण्याची युक्ती मुले एकमेकांना दाखवितात. दाताचे मूळ टोकाकडे निमुळते असल्यामुळे कडे सरकत हिरडीखाली जाते, दिसेनासे होते आणि दाताचा आधारच नष्ट करते. निरोगी दात असे कायमचे गमावले गेले आहेत. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने याविरुद्ध जाहीर इशारा दिला आहे. त्याच देशात २०१४ साली स्थापन झालेली ‘स्माइल डायरेक्ट क्लब’ ही कंपनी टपालाने साचे घरपोच पाठवी. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि उपचार अर्धवट राहिलेल्या ग्राहकांना दुसरे वैद्य शोधावे लागले.

भारतात दातांना तारा बी.डी.एस. पदवीधरही बसवितात, परंतु या शाखेचे तज्ज्ञ त्यानंतर तीन वर्षांचा एम.डी.एस. अभ्यासक्रम पूर्ण करतात. पदवी कोणत्या शाखेतील आहे आणि राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी आहे काय, एवढे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या उपचाराला पालकांची संमती लागते, तेव्हा हे प्रश्न दोघांनी मिळून विचारावेत.

आणखी एक प्रश्न मात्र मुलानेच विचारावयाचा आहे. तारा काढल्यानंतर काय? सरकविलेले दात जुन्या जागी परतू पाहतात. त्यांना रोखून धरणारे उपकरण पुढे दीर्घकाळ, पुष्कळदा वर्षानुवर्षे, रात्री वापरावे लागते. पडद्यावरचे सुंदर छायाचित्र बहुधा तारा काढल्याच्या दिवशी घेतलेले असते. तीन वर्षांनंतर तेच दात कसे आहेत, ते दाखविणारे छायाचित्र क्वचितच आढळते. निवड करण्यापूर्वी ते दाखविण्याची विनंती तज्ज्ञाला अवश्य करावी.