गरिबाघरचा धुरावलेला हॉटडॉग

अमेरिकेत कॅन्सस सिटीला आर्थर ब्रायंट या कृष्णवर्णीय माणसाच्या खानावळीत भाजलेल्या गोमांसाचे जळके काठ गिऱ्हाइकांना फुकट मिळत. १९७२ साली लेखक कॅल्विन ट्रिलिन यांनी त्यांची वाखाणणी केली. पुढे तेच काठ महाग झाले! आता स्वस्त हॉटडॉगचे तसेच तुकडे करतात. त्यांना तिथे 'गरिबाचे जळके काठ' म्हणतात.

आपण ते असे करू. झाकणाच्या शेगडीत एका बाजूला कोळसे पेटवून वर लाकडाची ढलपी टाकू. दुसऱ्या बाजूला हॉटडॉग तासभर धुरावर ठेवू. मग इंचभर तुकडे करून बार्बेक्यू सॉस, लोणी, साखर लावू आणि सॉस चिकट होईपर्यंत पुन्हा धुरावर ठेवू.

शेगडी उघड्यावरच हवी. बंद खोलीत कोळशाचा वायू जीव घेतो. लहानग्यांना गोल तुकडा देऊ नये, घशात अडकतो. आधी उभा चिरून बारीक करावा, मगच भरवावा.