जखमेची नोंद आणि मागाहूनची शुश्रूषा

मयूर विहार ही यमुनेच्या पूर्वतीरावरील वसाहत. येथील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे रोज नदी ओलांडून नोकरीस जातात आणि सणासुदीच्या खरेदीलाही पलीकडेच जातात. त्यामुळे शहरात स्फोट झाल्याची वार्ता आली, की घराघरांत प्रथम हाच प्रश्न उठतो : आपले माणूस आता कोठे असेल? दिवाळी तीन दिवसांवर आली असता, २९ ऑक्टोबर २००५ च्या सायंकाळी, पहाडगंज, सरोजिनी नगर व गोविंदपुरी येथे स्फोट झाले. १० नोव्हेंबर २०२५ रोजी लाल किल्ला मेट्रो स्थानकाजवळ मोटारीचा स्फोट झाला.

२००५ च्या त्या सायंकाळी ६० हून अधिक माणसे दगावली, २०० हून अधिक जखमी झाली. गोविंदपुरीस बसमधील बेवारस पिशवी ध्यानात येताच प्रवाशांना खाली उतरविण्यात आले. ते वाचले, परंतु चालकाची दृष्टी कायमची गेली. मृतांची गणना वृत्तपत्रे करतात. जखमी मनुष्य मात्र मलमपट्टी होऊन घरी परतला, की लोकांच्या विस्मरणात जातो.

वाचकहो, त्याच्या पुढील उपचारांचा धागा एका कागदाला बांधलेला असतो. रुग्णालयाच्या नोंदणी विभागात प्रत्येक दुखापतीस संकेतांक देण्याची पद्धत आहे. जॅक बर्तिलाँ यांनी १८९३ साली शिकागो येथे मृत्यूच्या कारणांची जी यादी मांडली, तिच्यातूनच आजचे रोगवर्गीकरण वाढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तथापि दहावीचे अंक अद्याप अनेक ठिकाणी चालतात. त्यांत दुखापतीला दोन अंक लागतात : एक काय झाले याचा, दुसरा कशाने झाले याचा. कानाचा पडदा फाटला, तर ‘एस ०९.२’, स्फोटक द्रव्याच्या हल्ल्यात फाटला, तर जोडीला ‘एक्स ९६’. हा दुसरा अंक राहून गेला, की स्फोटात सापडलेला आणि जिन्यावरून पडलेला कागदावर सारखेच ठरतात. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर दहशतवादी कृत्यांसाठी वेगळेच संकेतांक योजले गेले.

पुढे काही महिन्यांनी, वर्षांनी जे उद्भवते त्याला ‘वाय ८७.१’ हा अंक आहे. त्यातील ‘सिक्वेली’ या शब्दास ‘पश्चात परिणाम’ असे म्हणतात खरे. मला मात्र हिशेबातील ‘बाकी’ हा शब्द अधिक नेमका वाटतो.

ही बाकी पुष्कळदा बाहेरून दिसतच नाही. स्फोटाची लाट हवेतून येते आणि कानाचा नाजूक पडदा तिला प्रथम बळी पडतो. अंगावर ओरखडाही नसलेला मनुष्य त्याच रात्री घरी येतो, आणि मग त्याला बोललेले नीट ऐकू येत नाही, कानात अखंड गुणगुण चालते. लहान छिद्र काही आठवड्यांत आपोआप भरूनही येते. तोवर कानात पाणी जाऊ देऊ नये, तेल तर मुळीच घालू नये. आपल्याकडे घरोघरी पहिला उपाय तेलाचाच होतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. भरून आले नाही, तर शस्त्रक्रिया करता येते. श्रवणाची मोजणी मात्र पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. झोप उडणे, फटाक्याच्या आवाजाने थरकाप होणे, बाजाराची वाट टाळणे, हाही भित्रेपणा नव्हे. आघातोत्तर मानसिक विकारास ‘एफ ४३.१’ हा स्वतंत्र अंक आहे.

दहशतवादी हिंसेतील नागरिकांसाठी केंद्र सरकारची साहाय्य योजना १ एप्रिल २००८ पासून आहे. आरंभी रक्कम ३ लाख रुपये होती, २०१६ मध्ये ती ५ लाख झाली. मृत्यू अथवा ५० टक्के वा त्याहून अधिक कायमचे अपंगत्व, ही तिची अट. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात ४० टक्के पुरतात, येथे ५० लागतात. एका कानाने अधू झालेला, रात्री दचकून उठणारा मनुष्य या मापात सहसा बसत नाही, ही या व्यवस्थेतील मोठीच उणीव होय.

म्हणून रुग्णालयातून निघताना डिस्चार्ज कार्ड वाचून पाहावे. दुखापतीचे कारण ‘बॉम्बस्फोट’ असे स्पष्ट लिहिले आहे काय, पोलीस नोंदीचा क्रमांक आहे काय, हे तेथेच विचारावे आणि नसल्यास लिहून घ्यावे. मयूर विहारच्या शेजारी खिचडीपूर येथे लालबहादूर शास्त्री रुग्णालय आहे. नदीपलीकडे सुरू झालेले उपचार पुढे घराजवळ चालू ठेवायचे, तर तेथील डॉक्टरांपुढे ठेवण्यास हाच कागद लागतो. त्याच्या दोन प्रती काढून एक नातलगाकडे ठेवावी.