आकड्यांच्या जाळीपासून पृष्ठाकृती : लोणार विवराचे उदाहरण

बोलींच्या पाहणीतून हाती आलेले आकडे डोंगरदऱ्यांसारख्या त्रिमित आकृतीने दाखवावेत, असा मोह अनेक अभ्यासकांस होतो. त्यापूर्वी, जेथे उंची ही खरोखरीच उंची आहे असे एक उदाहरण पाहणे इष्ट होय. त्याकरिता बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवर घेऊ.

फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानातून रडारने भूपृष्ठाची जी मोजणी झाली, तिचे आकडे आज विनामूल्य मिळतात. एक अंश लांबी-रुंदीच्या चौकोनाच्या धारिकेत ३६०१ ओळी व ३६०१ स्तंभ असतात. लोणारच्या अक्षांशावर दोन बिंदूंतील अंतर दक्षिणोत्तर सुमारे ३१ मीटर व पूर्वपश्चिम सुमारे २९ मीटर पडते. म्हणजे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरावर साठ-बासष्ट बिंदू येतात. धारिकेत केवळ उंची असते, स्थान नसते. विभक्तिप्रत्यय नसलेल्या भाषेत पदाचे कार्य जसे क्रमावरून ओळखावे लागते, तसेच येथे स्थान क्रमावरून जाणावयाचे.

मॅटलॅब किंवा ऑक्टेव्ह या प्रणालींत ‘मेशग्रिड’ ही आज्ञा प्रत्येक बिंदूचे रेखांश व अक्षांश यांची दोन कोष्टके करून देते, आणि ‘सर्फ’ ही आज्ञा शेजारच्या चार-चार बिंदूंवर एकेक चौकट ताणून पृष्ठ उभे करते. ओळ म्हणजे अक्षांश, स्तंभ म्हणजे रेखांश. धारिकेतील पहिली ओळ उत्तरेची असते. अक्षांश मात्र आपण सवयीने दक्षिणेकडून वाढवीत नेतो. मग आकृती उलटी होते, आणि विवर जवळजवळ वर्तुळाकार असल्याने ही चूक सहसा ध्यानात येत नाही. ओळखण्याची खूण एकच : ईशान्येकडील धारेची घळ. ती आग्नेयेस दिसू लागली की अक्षांशांचा क्रम उलटावा.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. विवराची खोली सुमारे १५० मीटर, म्हणजे व्यासाच्या बाराव्या हिश्श्याइतकी. प्रणाली प्रत्येक अक्ष आपल्या मर्जीने ताणून चौकट भरते, आणि परातीची विहीर होते. उंची किती पट वाढविली, हे आकृतीखाली लिहिलेच पाहिजे. सरोवर सपाट दिसते, कारण रडार पाण्याच्या पृष्ठावरून परतते. तळाविषयी ही आकृती काहीच सांगत नाही. उतारावरील दाट झाडीची उंचीही काही अंशी तीत मिसळलेली असते.

दोन बिंदूंमधील चौकट हा प्रणालीचा तर्क आहे. तीस मीटरांत जमीन सहसा तुटत नाही, म्हणून लोणारला तो चालतो. बोलींचे तसे नाही. गावे जाळीत बसलेली नसतात. आधी अंतर्वेशनाने मधले आकडे निर्माण करावे लागतात. समजा, घाटाखालील मलकापुरास शंभरांपैकी ८० भाषक एक रूप वापरतात व घाटावरील चिखलीस २०. प्रणाली मध्यावर बेधडक ५० लिहील आणि एक सौम्य उतार काढील. प्रत्यक्षात तो बदल घाटाच्या धारेवर एकदम घडत असेल, किंवा मधल्या एखाद्या गावात तिसरेच रूप नांदत असेल. उतार या दोन्ही शक्यता झाकून टाकतो. लोणारला जशी धारेची घळ आकृतीची परीक्षा घेते, तशी खूण येथे कोणतीही नाही.

म्हणून अशा आकृतीवर प्रत्यक्ष पाहणी झालेली गावे ठळक ठिपक्यांनी दाखवावीत, आणि जेथे ठिपके विरळ आहेत तेथे पृष्ठ न काढता कागद कोरा सोडावा. गावे वीस-पंचवीसच असतील, तर साध्या नकाशावर त्या-त्या गावापाशी आकडा लिहिणे अधिक उपयुक्त ठरते.