जीपच्या हाऊसिंगचे ऑईल : आधी वरचा बोल्ट, मग खालचा

मुंबईच्या माझगावात 1949 साली विलिस जीपची जोडणी सुरू झाली. त्याच घराण्यातील जुन्या फोर-व्हील जीपगाड्या आजही कापडाचे गठ्ठे, भांडी, लोखंडी सामान घेऊन आठवडी बाजाराला जाताना दिसतात. मालक इंजिनाचे ऑईल वेळेवर बदलतो. पण पुढच्या व मागच्या एक्सलमधील, म्हणजे मिस्त्री ज्याला हाऊसिंग म्हणतात त्यातील ऑईल वर्षानुवर्षे तसेच राहते. हा निष्काळजीपणा महागात पडतो.

हाऊसिंगमध्ये क्राऊन आणि पिनियन असे दोन गिअर असतात. त्यांचे दात एकमेकांवर फिरतात व घासतातही. भरलेली गाडी ओढण्याचा जोर त्या दातांवर येतो. म्हणून तेथे साधे इंजिन ऑईल चालत नाही. बहुतेक जुन्या जीपना ईपी 90 नंबरचे गिअर ऑईल लागते. तरी गाडीचे पुस्तक पाहूनच खरेदी करावी. डब्यावर जीएल-5 लिहिलेले ऑईल हाऊसिंगसाठी असते. तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नये. काही गिअरबॉक्समधील पितळी रिंगांना ते बाधते. तेथे जीएल-4 सांगितलेले असते.

‘मी पुढचा गिअर लावतच नाही, मग पुढचे ऑईल कशाला बदलू?’ असे काही बंधू म्हणतात. ही समजूत चुकीची आहे. चाकांना फ्री-व्हील हब नसतील तर पुढचे क्राऊन-पिनियन चाकांबरोबर फिरतच राहतात.

आता कामाची रीत. गाडी थोडी चालवून आणावी. गरम ऑईल लवकर उतरते. सपाट जागेवर उभी करून चाकांना दगड लावावेत. बोल्टभोवतीची माती ब्रशने साफ करावी. त्यानंतर आधी वरचा, म्हणजे ऑईल भरण्याचा बोल्ट उघडावा. माझ्या जीपवर एका कारागिराने उलटे केले. खालून सर्व ऑईल सोडून दिले आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला. बाजाराचा दिवस होता. माल भाड्याच्या टेम्पोने पाठवावा लागला आणि त्या दिवसाचा नफा भाड्यात गेला.

काही हाऊसिंगना खाली बोल्ट नसतो. तेथे झाकण उघडावे लागते व पॅकिंग नवे लावावे लागते.

उतरलेले ऑईल फेकण्यापूर्वी नीट पाहावे. बोटाला बारीक राखाडी चुरा लागला तर ती नेहमीची झीज आहे. लोखंडाचे तुकडे आले तर दात किंवा बेअरिंग तुटू लागले आहे. गाडी मिस्त्रीला दाखवावी. ऑईल दुधाळ झाले असेल तर आत पाणी गेले आहे. गरम हाऊसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. म्हणून ओढा ओलांडल्यावर मुदतीची वाट न पाहता ऑईल तपासावे.

खालचा बोल्ट घट्ट करून नवे ऑईल वरच्या भोकाच्या काठापर्यंत येईल एवढेच भरावे. जास्त भरू नये. हाऊसिंगच्या वरचा छोटा ब्रीदर मातीने बुजला असेल तर मोकळा करावा. ऑईल जास्त झाले किंवा ब्रीदर बंद राहिला, तर ते सीलमधून बाहेर येऊन ब्रेकच्या लायनरवर जाते. मग घाटात भरलेली गाडी थांबत नाही. येथे प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे.

जुने ऑईल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात भरून जुने ऑईल घेणाऱ्याला द्यावे. बदललेल्या दिवसाची तारीख व किलोमीटर खातेवहीत लिहून ठेवावेत. दुकानाचा हिशेब आपण रोज लिहितो. ज्या गाडीवर दुकान चालते तिचाही एक हिशेब असावा.