हौशी शर्यतपटू आणि आगीचे क्षण

बहारीनमधील साखीर येथे २९ नोव्हेंबर २०२० रोजी झालेल्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या पहिल्याच फेरीत रोमां ग्रोजां या फ्रेंच चालकाची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यावर आदळली. तिचे दोन तुकडे झाले आणि चालकासह तिचा पुढचा भाग कठड्याच्या लोखंडी पट्ट्यांत रुतून पेटला. इंधनाचा पुरवठा करणारी जोडणीच टाकीपासून तुटली होती. ग्रोजां सुमारे २७ सेकंद त्या आगीत होता. अडकलेला डावा पाय त्याने बुटातून ओढून काढला आणि स्वतःच्या हातांनी स्वतःला वर खेचले. हात भाजले, पण प्राण वाचले. या सुटकेला सर्वत्र चमत्कार म्हटले गेले. वस्तुतः तो चमत्कार नव्हता. चालकाच्या डोक्याभोवतीचे टायटॅनियमचे कडे, अनेक थरांचा अग्निरोधक पोशाख, पहिल्या फेरीत शर्यतीच्या मागोमाग धावणारी वैद्यकीय गाडी आणि तिच्यातून उतरून ज्वाळांपर्यंत गेलेले डॉक्टर इयन रॉबर्ट्स ही सारी आधीच्या अपघातांतून शिकून केलेली सिद्धता होती.

ही सिद्धता अर्थातच पैशाने श्रीमंत असलेल्या खेळातली. पण शर्यतीत गाडी हाकणारे बहुसंख्य लोक या वर्तुळाबाहेरचे आहेत. आठवडाभर कचेरीत, दुकानात किंवा कारखान्यात काम करायचे, रात्री जागून जुनी गाडी दुरुस्त करायची आणि रविवारी ती मार्गावर न्यायची, असा हा वर्ग. अमेरिकेत १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ने या वर्गाला व्यासपीठ दिले. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या विमानपट्टीवर अशाच हौशी मंडळींनी कित्येक वर्षे शर्यती गाजवल्या आणि १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे खास मार्ग उभा राहिला. पेट्रोल मात्र हौशी आणि व्यावसायिक असा भेद करीत नाही. ते दोघांच्याही गाडीत सारख्याच वेगाने पेट घेते.

१९६४ चा मे महिना या खेळाच्या इतिहासात काळा ठरला. २४ मे रोजी अमेरिकेतील शार्लट येथे ‘फायरबॉल’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या रॉबर्ट्स या नामांकित चालकाची गाडी उलटून पेटली. नेड जॅरेट या सहस्पर्धकाने त्याला बाहेर काढण्यास मदत केली, परंतु २ जुलै रोजी त्याचा मृत्यू झाला. त्या काळी साधे सुती कपडे अग्निरोधक रसायनाच्या द्रावणात बुडवून वाळवीत आणि तोच शर्यतीचा पोशाख होई. रॉबर्ट्सला दम्याचा विकार होता व त्या रसायनाचा त्याला त्रास होई, म्हणून त्याच्या अंगावर तसे कपडे नव्हते. सहाच दिवसांनी, ३० मे रोजी, इंडियानापोलिस येथे दुसऱ्या फेरीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनल्ड हे दोघे आगीच्या प्रचंड लोळात मरण पावले. त्यानंतर हालचालींना वेग आला. फुटणाऱ्या पत्र्याच्या टाकीऐवजी, आत स्पंज भरलेली चिवट रबरी पिशवीची टाकी आली. इंडियानापोलिसला पेट्रोल मागे पडून मेथॅनॉल हे इंधन रूढ झाले, कारण त्याची आग पाण्यानेही विझते. मात्र त्याची ज्वाळा उन्हात जवळजवळ दिसत नाही. १९८१ मध्ये याच मार्गावर इंधन भरताना रिक मीअर्स हा चालक भाजला, तेव्हा भोवतालच्या माणसांना तो कशासाठी धडपडतो आहे हे प्रथम उमगले नाही.

तरीही केवळ पोशाख आणि टाकी सुधारून भागत नाही, हे २९ जुलै १९७३ रोजी हॉलंडमधील झांडवूर्टच्या शर्यतीने दाखवून दिले. रॉजर विल्यमसन या इंग्रज तरुणाची ती अवघी दुसरी ग्रां प्री शर्यत. त्याची गाडी उलटली व पेटली. तो खाली अडकला, पण जिवंत होता. मागून येणाऱ्या डेव्हिड पर्लीने आपली गाडी थांबवली, मार्ग ओलांडून धाव घेतली, एकट्याने ती उलटी गाडी सरळ करण्याचा प्रयत्न केला आणि मार्शलच्या हातातले अग्निशामक नळकांडे घेऊन रिकामे केले. जवळ उभ्या असलेल्या मार्शलांच्या अंगावर अग्निरोधक कपडे नव्हते; ते पुढे होऊ शकले नाहीत. शर्यत चालूच राहिली. बाजूने जाणाऱ्या अनेक चालकांना वाटले, की हा धडपडणारा माणूसच जळत्या गाडीचा चालक असावा आणि तो सुखरूप बाहेर आला आहे. विल्यमसन गुदमरून मेला. पर्लीला पुढे जॉर्ज पदक देण्यात आले, पण एका माणसाचे शौर्य ही काही व्यवस्था नव्हे. आपल्याकडील संयोजकांनी या घटनेची चित्रफीत प्रत्येक शर्यतीआधी मार्शलांना दाखवावी.

तीन वर्षांनी, १ ऑगस्ट १९७६ रोजी, जर्मनीतील न्यूरबर्गरिंग येथे निकी लाउडा जळत्या गाडीत सापडला. त्याला बाहेर काढले ते कोणा पथकाने नव्हे, तर आर्तुरो मेर्झारियो, गाय एडवर्ड्‌स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल या चार सहस्पर्धकांनी. पट्टा सोडवला मेर्झारियोने. तो मार्ग सुमारे २३ किलोमीटर लांबीचा होता; एवढ्या अंतरावर मदत वेळेवर पोहोचणे अवघडच. लाउडाच्या चेहऱ्याच्या भाजण्याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्याच्या जिवाला त्याहूनही मोठा धोका होता तो छातीत गेलेल्या विषारी वायूंचा. आगीत सापडलेला माणूस बहुधा आधी श्वासाने मरतो आणि कातडीने मागाहून, ही गोष्ट हौशी चालकांच्या ध्यानी क्वचितच असते.

आता पोशाखाकडे वळू. ‘नोमेक्स’ हा तंतू १९६० च्या दशकात ड्यूपाँ या कंपनीने बाजारात आणला. तो वितळत नाही. ज्वाळा लागली की काळा पडतो, फुगून जाड होतो आणि आतल्या कातडीपर्यंत उष्णता पोहोचायला उशीर लावतो. ‘उशीर लावतो’ हेच त्याचे खरे वर्णन. अमेरिकेतील एसएफआय फाउंडेशनच्या मानकांत हा उशीर सेकंदांत मोजला आहे. सर्वांत साध्या, एका थराच्या पोशाखात सुमारे ३ सेकंदांत दुसऱ्या दर्जाचे भाजणे सुरू होते. क्रमांक पाचच्या पोशाखात ही मुदत सुमारे १० सेकंद, तर सरळ रेषेतील अतिवेगवान शर्यतींसाठी असलेल्या क्रमांक वीसच्या पोशाखात ४० सेकंद. म्हणजे अग्निरोधक पोशाख अग्नीला रोखत नाही, तो अवधी विकत देतो. शिक्का पाहून निश्चिंत होणाऱ्याने आपण नेमके किती सेकंद विकत घेतले आहेत हे विचारून घ्यावे.

हा अवधीही वागणुकीने कमी-जास्त होतो. आत नायलॉन किंवा टेरिलिनचे बनियन घातले तर सारेच व्यर्थ, कारण असे कापड अडीचशे अंशांच्या आसपास वितळून कातडीला चिकटते. नोमेक्सचे अंतर्वस्त्र परवडत नसेल तर निदान जाड सुती तरी असावे. पोशाख अंगाला घट्ट बसता कामा नये. थरांमधली हवा हेच खरे कवच असते. मानेपासून डोके झाकणारी नोमेक्सची टोपी गळपट्टीच्या आत नीट खोचलेली हवी. हौशी चालकांची सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच. स्वतःच मेकॅनिक असल्यामुळे तो त्याच पोशाखात गाडीखाली शिरतो, तेल-पेट्रोलचे डाग पाडून घेतो आणि मग तेच इंधन अंगावर घालून चाकाशी बसतो. महागडा पोशाख असा तेलाने माखला की त्याची वात होते. सकाळी गाडी दुरुस्त करताना जुने कपडे घालावेत, शर्यतीचा पोशाख पिशवीत ठेवावा; यात खर्च कसलाच नाही.

अवधी विकत घेतला, आता तो खर्च कसा करायचा? गाडीतून बाहेर पडणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. सहा बिंदूंचा पट्टा सोडायचा, सुकाणूचक्र काढायचे, खिडकीची जाळी पाडायची, हेल्मेटच्या गळ्याशी बांधलेली दोरी मोकळी करायची आणि जाड हातमोज्यांनी, धुरात, कदाचित उलट्या गाडीत हे सारे करायचे. फॉर्म्युला वनच्या नियमानुसार चालकाला ७ सेकंदांत बाहेर पडून दाखवावे लागते. पण ती परीक्षा उजेडात व थंड गाडीत होते; खऱ्या आगीत ग्रोजांला सुमारे २७ सेकंद लागले. म्हणून हौशी चालकाने डोळ्यांवर पट्टी बांधून, पूर्ण पोशाखात, डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंनी बाहेर पडण्याचा सराव करायला हवा. तो घराच्या अंगणातही होऊ शकतो. बोटे आपोआप कडीवर गेली पाहिजेत, कारण ज्वाळेत विचार करायला फुरसत नसते. श्वास रोखून धरायचा, हेल्मेटची काच खाली ठेवायची, आणि गाडी थांबवायची तर शक्य तितकी मार्शलच्या ठाण्याजवळ. उद्दीष्ट चालक बाहेर येण्याचे असावे, गाडी वाचवण्याचे नव्हे. आपल्या हातांनी वर्षभर बांधलेल्या गाडीवर जीव जडलेला असतो आणि मोहाने माणूस क्षणभर थबकतो; त्या क्षणाची किंमत मोठी असते.

गाडीत बसवलेले अग्निशामक यंत्र हे बाहेर पडण्यास लागणारे काही सेकंद मिळवून देण्यासाठी असते, आग पूर्ण विझवण्यासाठी नव्हे. त्याची एक नळी चालकाच्या पायाशी, दुसरी इंजिनाकडे. ओढण्याची मूठ पट्ट्यात जखडलेल्या अवस्थेतही हाताला लागते की नाही हे पाहून घ्यावे. पुष्कळ गाड्यांत ती नुसती बसवलेली असते, गाठता येत नाही. बाहेरच्या मार्शललाही ती सापडावी म्हणून तशीच दुसरी मूठ व मुख्य विद्युत्-कळ बाहेरून खुणेने दाखवलेली हवी. नळकांड्यातला दाब दर शर्यतीआधी बघायचा आणि दर दोन वर्षांनी ते तपासून व भरून घ्यायचे. पूर्वी वापरला जाणारा हॅलॉन वायू फार परिणामकारक होता, पण ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याचे उत्पादन थांबत गेले. त्याची जागा घेणाऱ्या द्रव्यांबद्दल मतभेद आहेत. हौशी माणसाने मात्र त्या वादात न पडता आपल्याजवळचे यंत्र चालू आहे एवढी खात्री करावी.

महाराष्ट्रातील वाचकांचा या विषयाशी संबंध दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. १९८१ पासून अमेरिकेत सुरू झालेल्या विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांच्या धर्तीवर आपल्याकडेही कोइमतूर व पीथमपूर येथे स्पर्धा होत आल्या आहेत आणि पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलेमुली स्वतः गाडी बांधून तेथे जातात. यांतील कित्येक चालक आयुष्यात प्रथमच शर्यतीची गाडी चालवतात. महाविद्यालयाच्या संचालकांपुढे इंजिनाची मागणी ठेवणे सोपे असते, पोशाख व अग्निशामकाचा खर्च मंजूर करून घेणे अवघड. प्राध्यापकांनी या बाबतीत विद्यार्थ्यांची बाजू घ्यावी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी या चित्रात आणखी भर घातली आहे. लिथियमच्या बॅटरीची आग विझली असे वाटूनही पुन्हा पेटू शकते आणि कोरड्या भुकटीने ती थंड होत नाही. तेथे चालकाला बाहेर काढून अंतर राखणे, एवढेच शहाणपणाचे.

विद्यार्थ्यांच्या या स्पर्धांत एक नियम उत्तम आहे. चालकाने पूर्ण पोशाखात, पट्टे बांधून, हात सुकाणूवर ठेवून बसायचे आणि इशारा मिळताच ५ सेकंदांच्या आत दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे. जमले नाही तर गाडी मार्गावर सोडली जात नाही. हौशी मंडळींच्या रविवारच्या शर्यतींतही नोंदणीच्या मेजाशेजारी हीच परीक्षा ठेवायला काही अडचण नसावी. त्यासाठी लागते ते एक घड्याळ, आणि नापास झालेल्याला तो संयोजकांचा मित्र असला तरी परत पाठवणारा एक माणूस.