सम यंत्रात नसते

भिवंडीत नारपोलीच्या किंवा शांतीनगरच्या एखाद्या गल्लीत पाच मिनिटं नुसते उभे राहा. दोन्ही बाजूंना यंत्रमाग, आणि कान भरून टाकणारी ती खटाक-खटाक. धोट्याचा साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धोटा फेकतो, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि प्रत्येक फेकीला फणी आडवा धागा ठोकून बसवते. बस्स, एवढंच चाललेलं असतं. आता त्या आवाजावर मनातल्या मनात केहरवा ताल धरा. लागला? अगदी सहज लागतो. आता तो सोडा आणि दादरा धरा. अरे, तोही लागतो! मागाला तर फक्त डावं आणि उजवं ठाऊक, त्याला तिनाचा हिशेब येत नाही. मग दादऱ्यातले ते तीनतीनचे गट आणि त्यांच्या आरंभीची ती ठसठशीत पहिली मात्रा आली कुठून?

बेल्जियममध्ये संशोधक सिल्वी नोझारादान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मेंदूतच बघायचं ठरवलं. त्यांचा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. लोकांच्या डोक्यावर विद्युतलहरी टिपणारे इलेक्ट्रोड लावले आणि कानात एकसुरी ठोके सोडले, सेकंदाला २.४. मिनिटाचे करून बघा: १४४. म्हणजे योगायोगाने थेट आपल्या मागाचाच वेग! मेंदूतल्या लहरीही २.४च्या ठेक्याने उठू लागल्या. मग त्या लोकांना सांगितलं, आता हे ठोके दोनदोनच्या गटात ऐकतोय अशी कल्पना करा. आवाजात काडीचाही बदल केला नव्हता. तरी लहरींमध्ये १.२चा नवा ठेका उमटला. तीनतीनची कल्पना करायला सांगितल्यावर ०.८चा उमटला. जो ठेका हवेत नव्हताच, तो यंत्राने मेंदूतून मोजून दाखवला. तालाच्या आवर्तनातली पहिली मात्रा, जिला आपण सम म्हणतो, ती अशी डोक्यात तयार होते!

आणि त्यासाठी गाणं शिकावं लागतं असंही नाही. बुडापेस्टमध्ये इश्तवान विंकलर यांच्या गटाने दोन-तीन दिवसांच्या, झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला. मधूनच समेचा ठोका गाळला. मेंदूने दचकून दखल घेतली. दुसरा एखादा बिनमहत्त्वाचा ठोका गाळला तर तशी खळबळ नाही. तीन दिवसांचा जीव, डोळे मिटलेले, आणि समेची वाट बघतोय! हा निष्कर्ष २००९ साली आला, आणि तो वाचून मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

आता भाषेकडे वळू. बोलणंही कानावर ठोक्यांसारखंच येतं, एकामागून एक अक्षर, सेकंदाला चार-पाच. पण आपल्याला अक्षरं ऐकू येत नाहीत, वाक्यं ऐकू येतात. दोन वाक्यांमधली सीमा कोण आखतं? तुम्ही म्हणाल, बोलणारा थांबतो, आवाज खाली आणतो, त्यावरून कळतं. मग ते सगळंच काढून टाकलं तर?

संशोधक नाय डिंग, न्यूयॉर्कचे डेव्हिड पोपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं तेच केलं, आणि त्यासाठी मँडरिन चिनी निवडली. या भाषेत बहुतेक वेळा एका अक्षराला स्वतःचा अर्थ असतो आणि त्याच्या सुराची चढउतारही अर्थ ठरवते. 'मा' चार वेगवेगळ्या सुरांत म्हटलं तर कुठे आई, कुठे ताग, कुठे घोडा, कुठे शिवी घालणं. त्यामुळे एकेक अक्षर संगणकावर सुटं बनवून हवं तसं ओळीत मांडता येतं. त्यांनी सेकंदाला बरोब्बर चार अक्षरं लावली. दोन अक्षरांचा शब्दसमूह, चार अक्षरांचं वाक्य, आणि लगेच पुढचं वाक्य. मध्ये ना विराम, ना आघात. मराठीत करायचं तर असं काहीसं: आईआलीबाबागेलेताईगातेदादाहसला नव्हे, 'दादा हसे', कारण अक्षरं मोजून चारच हवीत!

चिनी माणसाच्या मेंदूत तीन ठेके दिसले. सेकंदाला चार, अक्षरांचा. दोन, शब्दसमूहांचा. आणि एक, वाक्याचा. हे शेवटचे दोन आवाजात कुठेच नव्हते. चिनी न येणाऱ्या इंग्रजी भाषकांना तीच ध्वनिफीत ऐकवली तर त्यांच्या मेंदूत एकटा चाराचा ठेका. अक्षरं नुसती धावत होती.

मला यातला हिशेब थक्क करतो. तिकडे २.४चे १.२ आणि ०.८ झाले, इकडे चाराचे दोन आणि एक झाले. एकीकडे ऐकणाऱ्याने ठरवलं म्हणून गट पडले, दुसरीकडे व्याकरणाने पाडले. पण मेंदूची चाल पाहा, छोट्या ठेक्यांवर मोठा, न वाजलेला ठेका उभारायचा! झोपाळ्याला पाय टेकवून नेमक्या वेळी झोका द्यावा, तशा लाखो पेशी एकदम त्या क्षणाला उसळतात. हालचाल आखणारे मेंदूचे भागही नुसता ताल ऐकताना जागे होतात, हात-पाय स्थिर असले तरी. आपल्याकडे तबला शिकणारा आधी तोंडाने बोल म्हणतो आणि मग हाताने वाजवतो, त्या रीतीत केवढं शहाणपण आहे!

भिवंडीत तर हा भाषेचा प्रयोग रोज घडतो. पद्मानगरात तेलुगू विणकरांची वस्ती आहे, पलीकडे उत्तर प्रदेशातून आलेल्या कारागिरांची उर्दू-अवधी, भोवतीच्या गावांत आगरी. माग एकच, खटाक एकच. पण तेलुगू न येणारा आगरी माणूस पद्मानगरच्या चहाच्या टपरीवर उभा असतो तेव्हा तो त्या चिनी प्रयोगातल्या इंग्रजी श्रोत्याच्या जागी असतो. अक्षरांचा ठेका पकडला जातो, वाक्याची सम सापडत नाही. शेजारचा विणकर त्याच बोलण्यावर केव्हाच हसून मोकळा झालेला असतो.

संगीत आणि बोलणं यांचे वेग मात्र वेगळे. २०१७ साली पोपेल यांच्याच गटाने अनेक भाषांतली बोलणी आणि नाना तऱ्हेचं संगीत मोजलं. बोलण्यातल्या आवाजाच्या जोराची चढउतार सेकंदाला पाचच्या आसपास, संगीताची दोनच्या आसपास. धोट्याचा माग संगीताच्या अगदी शेजारी बसतो! नवे एअरजेट माग मिनिटाला सहाशेच्या वर जातात, म्हणजे सेकंदाला दहाच्या वर. तिथे पायाने ठेका धरणं संपलं.

झोपेत काय होतं, तेही इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१७ साली बघितलं. त्यांनी हिब्रू भाषकांना झोपेत त्यांचीच मातृभाषा ऐकवली. अक्षरांचा ठेका मेंदूने सोडला नाही. शब्द, शब्दसमूह आणि वाक्य यांचे ठेके मात्र गेले. आता बुडापेस्टची ती बाळं याच्याशेजारी ठेवा. तीही झोपलेलीच होती, आणि त्यांची सम शाबूत होती! माझ्या मते यावरून दिसतं ते असं की तालाचे गट बांधणं हे फार खालच्या थरातलं, जाग नसतानाही चालू राहणारं काम असावं, आणि वाक्याचे गट बांधायला जागा मेंदू आणि शिकलेली भाषा लागते. रात्रपाळी करून कारखान्याच्या माळ्यावर झोपलेल्या कामगाराच्या डोक्यात मागाचा ठेका आणि खालच्या गप्पांतली अक्षरं दोन्ही पोचत असणार, वाक्य मात्र एकही नाही.