गोठ्यातली पोथी

पावसाची सर नुकतीच ओसरली आहे. पागोळ्या अजून गळताहेत. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात, गुढीपूरला, मी अंगणात चपला काढते आणि वाकून आत शिरते. इथे पूर्वी गुरे बांधत. लोककलावंत परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरचा हा गोठा रिकामा केला आणि २००६ मध्ये तिथे ठाकर समाजाच्या लोककलांचे संग्रहालय मांडले. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे त्याचे नाव.

डोळे आतल्या उजेडाला सरावतात, तशी आधी दिसतात ती बाहुल्यांची तोंडे. लाकडी मुखडे, रंगीत अंगरखे, वर गुंडाळून ठेवलेले दोरे. या कळसूत्री बाहुल्या. पलीकडे चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत. त्यांच्या अंगावर पाडलेल्या बारीक भोकांची नक्षी उजेडासमोर धरली की दागिन्यांसारखी चमकते. आणि एका बाजूला पोथ्या. या पोथ्यांत अक्षरे नाहीत, चित्रे आहेत.

बाहेर एकदम गलका होतो. कुठल्याशा शाळेची सहल आली आहे. ओल्या छत्र्या कोपऱ्यात पडतात, मुले गुडघ्याला गुडघा लावून बसतात. एक तरुण कलाकार पोथी मांडीशी घेतो, शेजारचा हुडूक हे चर्मवाद्य कानाजवळ नेऊन सुराला लावतो, तिसऱ्याच्या हातात टाळ आहे. हुडकावर पहिली थाप पडते आणि कुजबूज आपोआप थांबते.

पहिले चित्र उभे राहते. टपोरे डोळे, ठसठशीत रेषा, लाल-पिवळे-हिरवे रंग. गाणे आणि बोलणे यांच्या मधल्या चालीत कथा पुढे सरकते. बोट चित्रावरून फिरते, ज्याच्यावर थांबते तो बोलू लागतो. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक संपले की पान उलटायचे, कथा अडत नाही. रामायण-महाभारतातले प्रसंग असे पानापानाने सांगणे म्हणजे चित्रकथी.

“ह्यो कोण? सांगा बघू!”

“रावण!” सगळी मुले एका आवाजात ओरडतात.

“मग तोंडां मोजा!”

पुढच्या रांगेतली मुलगी बोट पुढे करून खरोखर मोजायला लागते. कलाकार पान उलटत नाही. तिचे मोजून होईपर्यंत हुडूक हलक्या हाताने वाजत राहतो.

पूर्वी सावंतवाडी संस्थानाने ठाकर कलावंतांना आश्रय दिला. देवळादेवळांत त्यांचे खेळ होत, गाव रात्रभर जागे. पुढे राजाश्रय गेला, करमणुकीची नवी साधने आली आणि पोथ्या घराघरांत बांधून राहिल्या. जीर्ण झालेली पोथी पाण्यात सोडायची, ही जुनी रीत. त्यामुळे आज समोर असलेला प्रत्येक जुना कागद मला मोलाचा वाटतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथीची चित्रे आहेत. तिथे ती नीट जपलेली आहेत, अभ्यासकांना ती हवीतच. पण चित्रासोबत हुडूक कसा वाजतो, कथेकरी कुठे श्वास घेतो, कुठल्या पानावर मुले पुढे सरकतात, हे इथे या जमिनीवर बसल्यावर कळते. गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या सन्मानाआधी कित्येक वर्षे, बघायला कुणी येवो न येवो, इथली माणसे बाहुल्यांचे दोरे हलवत राहिली होती.

कथा संपते. मुले टाळ्या वाजवतात, पण उठत नाहीत. कलाकार खुंटीवरची बाहुली काढतो आणि मघाशी तोंडे मोजणाऱ्या मुलीच्या हातात दोरे देतो. ती एक दोरा ओढते. बाहुलीचा हात वर होतो. मुलगी आधी बाहुलीकडे बघते, मग आपल्या बोटांकडे.

गोव्याला जाताना आपण अनेकदा कुडाळवरून जातो. पुढच्या वेळी वाट थोडी वाकडी करा, मुलांना बरोबर घ्या. नुसते फोटो काढून निघू नका, एक कथा शेवटच्या पानापर्यंत ऐका आणि जाताना एखादे चित्र विकत घ्या. ऐकणारे समोर बसले, तरच पुढच्या पोथ्या रंगवल्या जातील.